पाणी चालू

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवा. अंगठ्याच्या मुळापासून थोडं खाली, हाडाच्या आतल्या बाजूला. अंगठ्यानं बघू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तो फसवतो. घाई करू नका. लागली? टुक, टुक, टुक. तुम्ही जन्मायच्याही आधी सुरू झालेलं हे टुकटुकणं, आणि तुम्ही गणितं सोडवत असा की झोपलेले असा, ते चालूच असतं.

आता डोळे मिटा आणि कल्पना करा, की बोटांखाली काहीच नाही. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मनगट ऊबदार आहे, पण आत सगळं गप्प. आणि तरी तुम्ही बसलेले आहात, श्वास घेता आहात, कुणी हाक मारली तर ओ देता आहात.

अशा एका माणसाची ही गोष्ट. आणि त्याच्या मुलीची. ही गोष्ट अजून घडायची आहे. २०४८ सालच्या उन्हाळ्यात घडली असं समजून चालू.

चिंचमाळ हे सांगोल्याच्या पलीकडचं, डाळिंबाच्या बागांमधलं गाव. गावात घरटी एक बोअर, आणि त्यातली मोटार जळाली की ती यायची बिभीषण सुरवशाच्या दुकानात. बिभीषण मोटार उघडायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वार्निश पाजून भट्टीत वाळवायचा. मग दुकानामागच्या हौदात सोडून मोटार चालवून बघायचा. पाणी नीट फेकलं की खिशातला खडू काढून मोटारीच्या अंगावर दोन शब्द लिहायचा : पाणी चालू. ते दोन शब्द दिसले की शेतकरी पुढे काही विचारत नसे.

त्याची मुलगी प्रांजल अकरा वर्षांची होती. आई, अश्विनी, जर्मनीत नर्स होती. तिकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, गोळ्या देणं हे काम करायला जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. ती दर रविवारी फोनच्या पडद्यावर भेटे. घरात उरली दोनच माणसं. संध्याकाळी दुकान बंद झालं की बिभीषण अंगणातल्या बाजेवर आडवा होई, प्रांजल त्याच्या छातीवर डोकं टेकून दिवसभराचं सांगे, आणि सांगता सांगता मोजत असे.

"किती भरले?" तो विचारी.

"बहात्तर."

"मग मोटार ठीक हाय."

आजार पहिल्यांदा तिच्याच कानाला कळला. बहात्तरचे नव्वद झाले, नव्वदचे एकशेदहा. मधेच एक ठोका गाळला जायचा, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. मग पाय सुजले, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बदलावं लागेल.

त्या संध्याकाळी बिभीषणनं तिला दुकानात बसवलं आणि दोन जुने पंप शेजारी शेजारी मांडले.

"हृदय म्हंजे एक पंप न्हाई बरं का. दोन हायत. एकाच पेटीत बसवलेले. अंगभर फिरून काळपट झालेलं रक्त येतं उजव्या अंगाला. तिथं वर एक हौद. तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात त्याला?"

"अलिंद."

"आन् खालच्याला?"

"निलय."

"हां. निलय म्हंजे पंप. उजवा पंप ते रक्त ढकलतो फुफ्फुसात. लांब न्हाई जायचं, शेजारीच. तिथं त्याला हवा लागली की ते लालभडक होतं आन् परत येतं डाव्या हौदात. मग डावा पंप. हा पैलवान. ह्याला मेंदूपासून पायाच्या करंगळीपर्यंत सगळ्या बागेला पाणी द्यायचंय. बाग भिजली की रक्त पुन्हा उजव्या हौदात."

"आणि मधेच मागं फिरलं तर?"

बिभीषणनं पितळेची एक जड वस्तू तिच्या हातात दिली. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी ही झडप असते. पाणी वर जाऊ देते, खाली पडू देत नाही. तिचं मूळ इंग्रजी नाव काहीतरी वेगळंच, पण ते त्या भागात कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे तिला फुटबॉल म्हणतात. पहिलीत असताना सरांनी "उद्या कुणीतरी घरून फुटबॉल आणा" असं सांगितलं, तेव्हा प्रांजल तीन किलोची ही पितळी झडप दप्तरात घालून घेऊन गेली होती. त्या दिवशी शाळेत कुणीच फुटबॉल खेळलं नाही. सरसुद्धा हसून हसून खाली बसले होते.

"हृदयात असे चार फुटबॉल असत्यात," बिभीषण म्हणाला. "दर ठोक्याला दोन मिटत्यात, मग दुसरे दोन मिटत्यात. लब्, डब्. तू कान लावून जे ऐकतीस ना, ते फुटबॉल मिटल्याचा आवाज."

"मग तुमचे फुटबॉल बिघडलेत?"

"न्हाई. ते चांगले हायत. पंपाची भिंत सैल पडलीया. हौद भरतोय, पण ढकलायला जोर न्हाई."

प्रांजलनं फुटबॉलची झडप बोटानं उघडली, सोडली. टक् असा आवाज आला. तिनं पुन्हा उघडली, पुन्हा सोडली.

फेब्रुवारीत मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात बिभीषणचं हृदय काढून त्या जागी यंत्र बसवलं. त्या यंत्राबद्दल नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपलं हृदय मुठीसारखं आवळतं आणि सैल होतं, म्हणून रक्त धक्क्याधक्क्यानं पुढे जातं. तोच धक्का मनगटाला नाडी म्हणून लागतो. नव्या यंत्रात मूठ नव्हती. होती एक चकती, जुन्या रुपयाएवढी. चुंबकांच्या ओढीत ती अधांतरी तरंगायची, कशालाही न टेकता, आणि गरगर फिरायची. तिची एक बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवी, दुसरी बाजू अंगभर. मिनिटाला पाच लिटर. दिवसाचा हिशेब करा : सात हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तसा टँकरभर. चकती कधी थांबतच नाही, त्यामुळे रक्त मागे फिरण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे फुटबॉलची गरज नाही. आणि फुटबॉल नाहीत म्हणजे लब् नाही, डब् नाही. धक्का नाही म्हणजे नाडीही नाही. विहिरीचं पाणी मोटेनं ओढलं तर खेपाखेपांनी येतं आणि पाटाचं पाणी नुसतं वाहत राहतं, तसा हा फरक.

पोटातून एक वायर बाहेर येई, ती कमरेच्या पेटीला जोडलेली. पेटीत बॅटऱ्या.

घरी सोडताना नर्सनं प्रांजललाच जवळ बोलावलं. "नाडी शोधत बसू नकोस, ती लागणार नाही. नख दाब." तुम्हीही आत्ता करून बघा. बोटाचं नख चिमटीत दाबा. ते पांढरं होतं. सोडा, पुन्हा गुलाबी होतं. गेलेलं रक्त परत आलं. दोन आकडे मोजायच्या आत आलं तर रक्त नीट वाहतंय. "आणि पाणी," नर्स म्हणाली. "घड्याळ लावून पाणी प्यायला लावायचं. अंगातलं पाणी कमी झालं की तुझं-माझं हृदय धावाधाव करून वेळ निभावून नेतं. चकतीला तेवढं कळत नाही. रक्त कमी आलं तर ती रिकाम्या हौदाला तोंड लावून ओढत बसेल."

"कोरडी चालेल," प्रांजल म्हणाली.

नर्सला ते फार आवडलं. "अगदी बरोबर. कोरडी चालेल."

मार्च संपता संपता बापलेक घरी आले. आईही महिनाभर येऊन राहिली होती. ती परत गेली. घर पुन्हा दोघांचं झालं. पहिल्या संध्याकाळी बिभीषण बाजेवर आडवा झाला आणि त्यानं नेहमीसारखा हात पसरून जागा केली. प्रांजलनं जपून, जखमेच्या बाजूला, डोकं टेकवलं.

काही नाही.

श्वास होता. शर्टाला वार्निशचा वास होता. पण ज्यासाठी ती कान लावायची, ते आत नव्हतं. ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आत कुणीच नसावं, तसं. थोड्या वेळानं एक अगदी बारीक घरघर ऐकू येतेय असं वाटलं आणि तिनं झटकन डोकं उचललं. माणसाच्या आत तिला मोटार ऐकायची नव्हती.

"काय झालं गं?"

"ऊन लागतंय," ती म्हणाली. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता.

त्यानंतर ती ओसरीच्या पायरीवर बसू लागली. शाळेचं सांगायची, पण तिथूनच. बिभीषण बाजेवर एका कडेला सरकून झोपायचा, दुसऱ्या कडेची जागा रिकामी ठेवून. रिकाम्या जागेवर कधी कधी मांजर येऊन बसे.

बिभीषणचंही एक दुखणं होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गावात निवृत्तीतात्या म्हणून एक म्हातारे होते. चाळीस वर्षं उपकेंद्रात कंपाउंडर होते, निवृत्त झाले तरी उपकेंद्राची एक किल्ली त्यांच्याच कनवटीला. तात्यांना सवय अशी, की माणूस भेटला की "दे बघू हात" म्हणून नाडी बघायची आणि मगच बोलायचं. रोज चारच्या चहाला ते बिभीषणच्या दुकानात यायचे, नाडी बघायचे, "बैलाची हाय लेका तुझी" म्हणायचे. गावाला एवढंच ठाऊक होतं, की बिभीषणचं हृदय बदललं. नव्या हृदयाला ठोकेच नाहीत, हे त्यानं सांगितलं नव्हतं. नाडी नसलेला माणूस म्हणजे गावाच्या भाषेत काय, ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तात्या येताना दिसले की तो दोन्ही हात वार्निशच्या डब्यात घाली.

"हात भरल्यात तात्या."

"रोजच भरल्यात तुझं हात," तात्या म्हणत. दोन-चार वेळा असं झालं, मग त्यांनी यायचं सोडलं. समोर सोजरकाकूंच्या टपरीवर एकटेच चहा पीत बसत, दुकानाकडे पाठ करून.

मेमध्ये सुट्टीचा अभ्यास आला. विज्ञानाच्या वहीत एक तक्ता होता : घरातील व्यक्ती, आणि पुढे, मिनिटाला ठोके. प्रांजलनं स्वतःचे मोजले, अठ्ठ्याऐंशी. रविवारी आईनं फोनवर स्वतःचे मोजून सांगितले, चौऱ्याहत्तर. पप्पांच्या पुढची चौकट तिनं बरेच दिवस रिकामी ठेवली. मग एके दिवशी पेन्सिलीनं तिथं एक शून्य काढलं.

वही ओसरीवर उघडीच राहिली होती. बिभीषणनं ती बघितली, मिटली आणि दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो तपासणीला म्हणून शहरात गेला आणि तिथल्या इंजिनीअरबाईंना त्यानं विचारलं, की चकतीला ठोके देता येतील का. येतात, त्या म्हणाल्या. चकतीचा वेग मिनिटाला सत्तर वेळा कमीजास्त करायचा. थोडासा धक्का तयार होतो. तब्येतीला तशी गरज नाही, आणि बारा तास पुरणारी बॅटरी आठच तास पुरेल.

"पुरं की आठ तास," बिभीषण म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं तिला हाक मारली. "ये, ऐक तर." प्रांजल आली, आणि तिच्या कानाला धप्, धप्, धप् असं ऐकू आलं. ती हसली, मग रडली, मग बराच वेळ तशीच पडून राहिली. मांजराला त्या दिवशी जागा मिळाली नाही.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी भट्टीमागून हातभर लांब साप निघाला. बिभीषण ओरडला, प्रांजल किंचाळली, सोजरकाकू काठी घेऊन धावल्या. साप निघून गेल्यावर बापानं लेकीला उराशी धरलं. तो घामानं भिजला होता. आणि आत चालू होतं, धप्, धप्, धप्. अगदी सावकाश. तिनं मोजलं. सत्तर.

तिनं डोकं मागं घेतलं. "पप्पा, तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली की! केवढा होता!"

"मग हे का नाही घाबरलं?"

बिभीषणनं कमरेच्या पेटीकडे बघितलं.

"हे तुमचं नाही," ती म्हणाली. "हे घड्याळ आहे. बंद करा."

त्यानं पेटीवरचं बटण दाबलं. धपधप थांबली. प्रांजल पायरीवर जाऊन बसली, आणि बिभीषण बाजेवर, त्याच्या त्याच्या कडेला. दोघांमध्ये अंतर पाच पावलांचं. वहीतलं शून्य तसंच राहिलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. सांगोल्याकडचा मोबाइलचा मनोरा उन्हानं दुपारपासून बंदच पडायचा. डाळिंबांना पाणी हवं होतं आणि मोटारी जळत होत्या. दुकानात पाच मोटारी रांगेत, भट्टी पेटलेली. पाण्याचं घड्याळ वाजलं की बिभीषण "आलो" म्हणायचा आणि तार भरत राहायचा. पूर्वी प्रांजल तांब्या घेऊन समोर उभी राहिली असती. आता ती घरात होती, आणि घड्याळ आपोआप गप्प होत होतं.

तीनच्या सुमाराला दुकानात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पेटीची किरकिर.

ती पोचली तेव्हा बिभीषण भट्टीजवळ कोसळला होता. सोजरकाकू आणि टपरीवरची माणसं तिच्या आधीच आली होती. त्यांनी त्याला उचलून बाकावर निजवलं. तात्या गर्दीतून पुढे आले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हाती तो हात लागला होता. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली. तात्यांनी बोटं सरकवली. मग दुसरा हात घेतला. मग मानेशी बोटं नेली.

त्यांनी बोटं काढून घेतली. मग म्हणाले, "नाडी लागत न्हाई."

चिंचमाळमध्ये तात्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की त्यापुढे कुणी डॉक्टरला विचारत नसे. सोजरकाकूंनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, भुईवर घ्या. माणसाचा जीव बाकावर जाऊ नये, म्हणून बिभीषणला खाली जमिनीवर उतरवलं. काकूंनी फुलपात्रात पाणी आणलं, तोंडात घालायला.

"आन् ही पेटी कशाला किरकिरतीया?" मागून एकजण म्हणाला. "सोडवा तिला. माणूस गेला, यंत्र फिरत ऱ्हायलं तर जीव अडकून पडंल."

तात्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाकले आणि त्यांनी वायरीला हात घातला.

"तात्या, वायर सोडा!"

प्रांजलचा आवाज एवढा चढला, की तात्यांचा हात जागीच थांबला.

"पोरी," ते म्हणाले, "नाडी न्हाई गं त्याची."

"नसतेच त्यांना! तीन महिने झाले, नाहीच आहे! आत चकती आहे, ती फिरते, ठोके देत नाही. म्हणून ते तुम्हाला हात देत नव्हते. काकू, पाणी तोंडात नको, श्वासात जाईल! तात्या, नख बघा. नख दाबा त्यांचं!"

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बिभीषणचा अंगठा घेतला, वार्निश नसलेली कड शोधली आणि दाबली. नख पांढरं झालं. सोडलं. पांढरंच राहिलं. एक. दोन. तीन. प्रांजल मोठ्यानं मोजत होती. चार. पाच. सहा.

कडेनं, अगदी सावकाश, गुलाबी रंग आत सरकला.

"आलं," तात्या पुटपुटले. "परत आलं की."

"पण उशिरा आलं," प्रांजल म्हणाली. ती भिंतीकडे गेली.

भिंतीवर खिळ्याला तो लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर टांगलेला होता. मोटारीचं दुखणं ओळखायची मेकॅनिकची जुनी रीत आहे : स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. आतली घरघर लोखंडातून चढत थेट कानात येते. बापाच्या मांडीवर बसून प्रांजल हे बोलायच्या वयात शिकली होती. दोन महिने जे ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, त्यावर तिनं आता स्वतःहून टोक ठेवलं. शर्टाची घडी मधे घेऊन, अलगद, आणि मुठीला कान लावला.

आत चकती फिरत होती. पण आवाज भरलेला नव्हता. खरखरत होता, मधेच अडत होता, पुन्हा सुटत होता. हौदाचं पाणी संपल्यावर मोटार करते तसा. हा आवाज तिनं शंभरदा ऐकला होता, आणि दर वेळी बाप एकच वाक्य बोलला होता.

"कोरडी चाललीय," ती म्हणाली. "मोटार चांगली आहे. हौदात पाणी नाही. पाय वर करा, पाय! पायातलं रक्त खाली येऊ दे!"

आता तिला कुणी पोर समजलं नाही. दोघांनी पाय उचलून बाकावर ठेवले. तिनं कान काढला नव्हता. खरखर चालूच. मग ती विरळ झाली. मग थोडा वेळ एक सलग, जाड सूर, आणि पुन्हा खरखर.

"धरतेय. सोडतेय. तात्या, अजून पाणी पाहिजे. आतून."

तात्या कधीच उठले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस भर उन्हात उपकेंद्राकडे पळत गेला आणि सलाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला. अंगात पाणी नसलं की शिरा बसतात, सापडत नाहीत. तात्यांनी कोपराच्या आत बोट फिरवलं, एकदा, दोनदा, डोळे मिटून. मग सुई घातली. एकाच दमात. सोजरकाकूंनी बाटली वर धरली. एकजण मोटारसायकलवरून टेकाडावर गेला, तिथं फोन लागतो, रुग्णवाहिका बोलवायला.

पाऊण बाटली गेली, तेव्हा मुठीतून येणारा सूर बदलला. तिनं ओळखलं. हौदात टाकलेली मोटार पहिल्या उचक्या संपवून पाइप भरून पाणी फेकू लागते, तेव्हा होतो तो हा सूर. खोल, सलग, कुठेही न तुटणारा.

तात्यांनी नख दाबलं, सोडलं. "एक," ते म्हणाले. दोन म्हणायची वेळ आली नाही.

बिभीषणनं डोळे उघडले. त्याला पहिल्यांदा दिसला तो त्याच्या छातीवर टेकलेला स्क्रू-ड्रायव्हर, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लेकीचा कान.

"काय म्हणतीया?" त्यानं विचारलं. आवाज फुटत नव्हता.

प्रांजलनं मुठीवरचा कान काढला. तिनं नुसती मान हलवली.

दहा दिवसांनी तो इस्पितळातून परत आला. चारच्या चहाला तात्या दुकानात आले आणि बाकावर बसून म्हणाले, "दे बघू हात." बिभीषणनं दिला. तात्यांनी नख दाबलं, सोडलं, बघितलं.

"मला सांगायचं हुतंस की लेका."

"काय सांगू? नाडी बघितल्याबिगर तुम्ही बोलत न्हाई कुणाशी."

"मग तुझ्याशी नख बघून बोललो असतो." तात्यांनी चहा बशीत ओतला. "वार्निश तेवढं खरवडून येत जा. गाढवासारखं नख हाय. काय दिसत न्हाई."

ते गेल्यावर बिभीषण अंगणात बाजेवर आडवा झाला, एका कडेला. सूर्य कलला होता. प्रांजल ओसरीच्या पायरीवर दप्तर भरत होती. चार दिवसांनी शाळा उघडणार होती. विज्ञानाची वही तिच्या हातात आली. ती थांबली. मग उठली, बाजेजवळ आली, मांजराला उचलून खाली ठेवलं आणि रिकाम्या जागेवर आडवी होऊन बापाच्या छातीवर कान टेकवला. स्क्रू-ड्रायव्हर खिळ्यावरच होता. आता तिला तो लागत नव्हता. कशाचा कानोसा घ्यायचा ते तिला ठाऊक झालं होतं. ती खूप वेळ ऐकत राहिली. मोजण्यासारखं आत काही नव्हतं, म्हणून मोजता मोजता थांबायचीही गरज नव्हती.

"किती भरले?" बिभीषणनं बिचकत विचारलं.

प्रांजल उठून बसली. तिनं वही मांडीवर घेतली, तक्ता काढला आणि 'पप्पा'च्या पुढचं पेन्सिलीचं शून्य कागद पातळ होईपर्यंत खोडलं. मग तिनं बापाच्या खिशात हात घातला. खिशात खडू होता. तो तिनं परत ठेवला आणि दप्तरातून शाईचं पेन काढलं. चौकट लहान होती, दोन शब्द एका ओळीत मावेनात. म्हणून तिनं एकाखाली एक, नीट वळणदार अक्षरात लिहिलं :

पाणी
चालू.